वाळलेल्या तुराटीवरील बुरशीची ओळख

तुरीची कापणी आटोपली की मालेगाव तालुक्यात मेडशीपासून शिरपूरपर्यंतच्या शिवारांत धसकटे उभी राहतात आणि तुराट्यांच्या पेंढ्या कुडाला टेकतात. त्यांतील एखाद्या काडीच्या बुडाशी काळे, पांढुरके वा नारिंगी ठिपके आढळतात. विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, हे काय?" शेतकऱ्याचा प्रश्न अधिक निकडीचा असतो : यानेच माझी तूर वाळली काय? हे दोन प्रश्न भिन्न आहेत, हे शिक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावे. पहिल्याचे उत्तर भिंग आणि सूक्ष्मदर्शक यंत्र यांच्या साहाय्याने मिळू शकते. दुसऱ्याचे केवळ पाहण्याने मिळत नाही.

याच पिकाच्या इतिहासात याचा उत्तम दाखला आहे. अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांनी १८९९ साली कापूस, कलिंगड व चवळी यांच्या मर रोगाचा संबंध निओकॉस्मोस्पोरा या बुरशीशी जोडला होता. मेलेल्या झाडांवर तिची नारिंगी-तांबडी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी सुरईसारखी फळे आढळत. त्यामुळे तीच अपराधी, असा समज रूढ झाला. बिहारमधील पुसा येथील संशोधनसंस्थेत ई. जे. बटलर यांनी तुरीच्या मर रोगाचा अभ्यास केला. दोन्ही बुरश्या वेगळ्या करून त्यांनी त्या रोपांवर पारखल्या आणि १९१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : निओकॉस्मोस्पोरा ही केवळ मृत अंशावर जगणारी बुरशी असून तूर मारणारी बुरशी निराळीच आहे. तिला त्यांनी फ्युझेरियम उडम हे नाव दिले. साप निघून गेल्यावर त्या जागी बसलेल्या बेडकास दोष द्यावा, तशातला हा प्रकार होता.

बुरशीस हरितद्रव्य नसते. ती जिवंत वनस्पतीवर तरी जगते किंवा मेलेल्या अवशेषांवर तरी. काडी मरताच हवेतील असंख्य बीजाणू तिच्यावर रुजतात; म्हणून मेलेल्या काडीवर जे दिसते त्यातील बरेचसे मागाहून आलेले असते.

वर्गात निरीक्षण करावयाचे झाल्यास प्रथम काडी उभी चिरावी. मर रोगाच्या झाडाच्या बुंध्यावर जमिनीपासून वर चढलेला जांभळट-तपकिरी पट्टा असतो व त्याखालील लाकडात काळपट रेषा दिसतात. ही खूण यंत्रावाचूनही ओळखता येते आणि तिचे मोल नुसत्या ठिपक्यांहून अधिक आहे. नंतर काडीचा बोटभर तुकडा उकळून थंड केलेल्या पाण्याने भिजविलेल्या टीपकागदावर, झाकण असलेल्या काचेच्या बशीत दोन ते पाच दिवस ठेवावा. वाढलेल्या बुरशीवर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच टेकवून ती काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबावर ठेवावी व सुमारे चारशे पट मोठे करून पाहावी. बशी वारंवार उघडू नये, तोंडाजवळ नेऊ नये. बीजाणू श्वासावाटे आत जातात.

आता बीजाणूंचा आकार, रंग आणि त्यातील पडदे पाहावे. इटलीचे साकार्दो यांनी १८८२ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथात हजारो बुरश्या लाविल्या त्या मुख्यतः याच लक्षणांवरून. रंगहीन, कोयत्यासारखे वाकलेले, टोकाशी आकड्यासारखे वळलेले व आडव्या पडद्यांचे बीजाणू फ्युझेरियम उडमकडे बोट दाखवितात. तपकिरी, गदेसारखे, आडव्या-उभ्या पडद्यांनी विटांच्या भिंतीसारखे दिसणारे बीजाणू अल्टरनेरियाचे. वाळलेल्या काड्यांवर ते सर्रास आढळतात, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. एका नळीत ओळीने आठ गोल तपकिरी बीजाणू असल्यास बटलर यांनी दोषमुक्त केलेली ती निओकॉस्मोस्पोरा असू शकेल. शेजारी एखादा केस ठेविल्यास मुलांस प्रमाणाची कल्पना येते. तो बहुधा ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.

नाव चुकले तर शेतकऱ्याचा खर्च चुकतो. मर रोगाची बुरशी मुळांवाटे शिरते व शेतातील अवशेषांत सुमारे तीन वर्षे टिकते. पानांवर औषध फवारून ती जात नाही. तेथे धसकटे वेचणे, ज्वारीचा फेरपालट वा आंतरपीक, आणि बी.एस.एम.आर. ७३६ किंवा आशा यांसारखे रोगप्रतिकारक वाण हेच उपाय आहेत. या कारणास्तव "ही अमुक बुरशी आहे" असे सांगण्याऐवजी "अमुक बुरशीसारखी दिसते" असेच शिक्षकाने म्हणावे.

निश्चितीसाठी नमुना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. काडीसोबत पीक, गाव, तारीख, काडीचा कोणता भाग, आणि झाड उभे असतानाच वाळले की कापल्यानंतर, हे लिहून द्यावे. काडी सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालावी. प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यास ओलाव्याने वाटेतच दुसरी बुरशी माजते आणि तपासणारास तीच दिसते.