चार मीटरांत सात माणसे

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. नवरात्रात तुळजापूरची वाट माणसांनी फुलून जाते. या दिवसांत धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबून जाणाऱ्या गाड्या पाहा. एकट्यादुकट्याने जाणारे थोडेच दिसतील. आजी-आजोबा, आईवडील, मुले, एखादी आत्या असे सारे घरच गाडीत असते. आणि टपावर वाकळा, पिठाचे डबे नि बोचकी बांधलेली असतात. सात माणसे आणि त्यांचे सामान एकाच गाडीतून न्यायचे, तर त्या गाडीचा आकार कसा असावा? प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्याच्या पोटात बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे. विद्यार्थी मित्रांनो, आज आपण तेच समजून घेऊ.

तीन खण, दोन खण, एक खण

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तुमच्या आजोबांना चांगली आठवत असेल. ती तीन खणांची मोटार होती. पुढच्या खणात इंजिन, मधल्या खणात माणसे आणि मागच्या खणात, म्हणजे डिकीत, सामान. या रचनेत डिकीच्या झाकणावरची हवा वायाच जाते. मधल्या खणाचा टप तसाच सरळ शेवटपर्यंत नेला, तर माणसे आणि सामान यांचा मिळून एकच मोठा खण होतो. अशा दोन खणांच्या गाडीला वॅगन किंवा इस्टेट म्हणतात. पुण्याच्या कारखान्यातून १९९२ साली बाहेर पडलेली टाटा इस्टेट ही याच जातीची होती.

याच्याही पुढे जाऊन इंजिनाचा खणच नाहीसा केला तर? इटलीतील फियाट कंपनीने १९५६ साली ‘६०० मल्टिप्ला’ नावाची गाडी काढली. तिचे इंजिन मागे होते आणि चालक अगदी पुढच्या टोकाला, चाकांच्या वर बसे. सुमारे साडेतीन मीटर लांबीत सहा माणसे मावत. आपल्याकडे १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनचे, म्हणजेच पुढे ओम्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचे, इंजिन पुढच्या आसनांखाली होते. ही एक खणाची गाडी, म्हणजे मिनीव्हॅन. जागा भरपूर, पण चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नाही. टक्कर झाली तर धक्का झेलायला पुढे इंजिनाचा खण नसतो, हा तिचा मोठा दोष. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले.

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत मात्र वर्षानुवर्षे राज्य केले ते जीपने. काळी-पिवळी जीप हीच कित्येक गावांची मोटार होती. १९९४ साली पुण्यातून आलेली टाटा सुमो हिला सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरे मिळाली. या गाड्यांखाली लोखंडी शिडीसारखा जाडजूड सांगाडा असतो आणि त्यावर वरचा डबा बोल्टांनी बसवलेला असतो. सांगाडा दणकट खरा, पण तो खाली जागा अडवतो. त्यामुळे डब्याची फरशी उंचावर जाते आणि माणसेही उंचावर बसतात.

क्रॉसओव्हर म्हणजे जीपचा पेहराव केलेली मोटार. तिला वेगळा सांगाडा नसतो. काडेपेटीचे बाहेरचे कवच जसे घड्यांमुळेच ताठ राहते, तसे तिचे पत्र्याचे कवचच सारा भार पेलते. मोठी चाके, खड्ड्यांतून सुटण्यापुरती पोटाखाली जागा आणि उंच बैठक, हे तिचे जीपशी साम्य. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी, २०१७ साली आलेली टाटा नेक्सॉन हे याचे परिचित उदाहरण.

लांबी बांधली, म्हणून उंची वाढली

आपल्याकडच्या लहान गाड्या अशा आखूड आणि उंच का? याचे एक कारण यंत्रशास्त्रात नाही, कायद्यात आहे. २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. पेट्रोल इंजिन १,२०० आणि डिझेल इंजिन १,५०० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे नसावे, अशीही अट होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तरी चार मीटरांची रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतील पेट्रोल-डिझेल मोटारींना १८ टक्के आणि बाहेरील मोठ्यांना ४० टक्के कर लागू झाला.

लांबीला कुंपण घातले की कारखानदार उंचीकडे वळतो. जपानातही असेच झाले. तेथील सर्वांत लहान वर्गाच्या मोटारींना ३.४ मीटर लांबीची आणि १.४८ मीटर रुंदीची मर्यादा आहे. उंची मात्र २ मीटरपर्यंत चालते. त्यातूनच १९९३ साली सुझुकीची उंच वॅगन आर जन्मली आणि १९९९ साली ती भारतात आली. माणूस ताठ बसला की त्याचे पाय कमी पसरतात. म्हणून उंच टपाखाली आसनांच्या ओळी जवळजवळ बसवता येतात. २०१९ साली आलेली रेनॉ ट्रायबर हे याचे टोक. लांबी ३.९९ मीटर, आणि आसने सात!

पण जागा फुकट मिळत नाही. ट्रायबरची सातही आसने लावली की मागे सामानाला उरते अवघी ८४ लिटर जागा. म्हणजे तेलाचे पाचेक डबे राहतील एवढी. शेवटची आसने काढून ठेवली, तर हीच जागा ६२५ लिटर होते. मग सातही जण निघाले, तर वाकळा आणि बोचकी जाणार कुठे? टपावरच्या कॅरिअरवर! येथेच खरी अडचण सुरू होते.

गुरुत्वमध्य वर गेला की

प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटले आहे, असे मानता येते. हा बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. तो जितका खाली आणि पाया जितका रुंद, तितकी वस्तू कलंडायला कठीण. गाडीचा पाया म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांतील अंतर. या अंतराच्या निमपटीला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की जी संख्या येते, तिला आपण ‘स्थैर्यांक’ म्हणू. अमेरिकेतील रस्ता-सुरक्षा खाते गाड्यांची तुलना करताना हीच संख्या वापरते. बसक्या मोटारींचा स्थैर्यांक साधारण १.३ ते १.५ असतो, तर जीपसारख्या उंच गाड्यांचा १.० ते १.३.

आता एक उदाहरण करू. समजा, एका गाडीचे माणसांसह वजन १,६०० किलो आहे, चाकांतील अंतर १.५ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६८ मीटर उंचीवर आहे.

स्थैर्यांक = ०.७५ ÷ ०.६८ = १.१०

या गाडीच्या टपावर, १.८ मीटर उंचीवर, १०० किलो सामान बांधले. नवा गुरुत्वमध्य असा निघेल :

(१,६०० × ०.६८ + १०० × १.८) ÷ १,७०० = ०.७५ मीटर (सुमारे)

स्थैर्यांक = ०.७५ ÷ ०.७५ = १.०

तेच १०० किलो गाडीच्या आत, ०.७ मीटर उंचीवर ठेवले असते, तर गुरुत्वमध्य ०.६८ मीटरवरच राहिला असता आणि स्थैर्यांकही १.१०. ओझे तेच, गाडी तीच. फरक फक्त ठेवण्याच्या जागेचा!

वळणावर काय घडते?

वळण घेताना गाडी सरळ जाऊ पाहते आणि टायर तिला आतल्या बाजूला ओढतात. या ओढीचे गाडीच्या वजनाशी प्रमाण काढायला वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने आणि गुरुत्वत्वरणाने भागावे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, वेग असेल, तर हे प्रमाण १०० ÷ ३०० = ०.३३ येते. वेग ताशी ५४ किलोमीटर केला, तर २२५ ÷ ३०० = ०.७५. वेग दीडपट, पण ओढ सव्वादोनपट!

तुम्ही म्हणाल, ‘०.७५ हे १.० पेक्षा कमीच आहे. मग गाडी उलटेल कशी?’ शंका योग्य आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकडही साधारण ०.७ ते ०.८ एवढीच असते. त्यामुळे सपाट डांबरावर गाडी बहुधा उलटण्याआधी घसरते. पण हे गणित ताठ, न हलणाऱ्या गाडीचे आहे. खऱ्या गाडीला स्प्रिंगा असतात. वळणावर ती बाहेरच्या बाजूला झुकते आणि गुरुत्वमध्यही त्या बाजूला सरकतो. चालकाने घाबरून चाक एकदम उलट फिरवले, तर झोकांडी आणखी मोठी होते. याशिवाय डांबराच्या कडेला साइडपट्टी असते. पावसाळ्यात ती काळ्या मातीने मऊ झालेली असते. घसरणारे चाक त्या मातीत रुतले, की पाय अडखळलेल्या माणसासारखी गाडी अडखळते. खालचा भाग जागीच थांबतो, वरचा पुढे जातो. उलटणाऱ्या बहुतेक गाड्या अशा कशाला तरी अडखळूनच उलटतात. अशा वेळी स्थैर्यांक १.१० आहे की १.०, यावर सात जणांचा जीव अवलंबून असू शकतो.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कारण जोडले जाते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आता चौपदरी आहे. त्यावर गाडी सहज वेगाने धावते. तासभर तसे गेल्यावर ताशी ६० चा वेगसुद्धा डोळ्यांना संथ वाटू लागतो. आणि त्याच डोळ्यांनी चालक गावाच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्याला लागतो! म्हणून फाटा आला की डोळ्यांवर नव्हे, वेगदर्शक काट्यावर विश्वास ठेवावा.

येणाऱ्या गाड्या

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरी फरशीखाली पसरलेली असते. आपल्या उदाहरणातील गाडीत ०.३ मीटर उंचीवर २५० किलोची बॅटरी बसवली, असे धरा. गुरुत्वमध्य ०.६३ मीटरवर उतरतो आणि स्थैर्यांक १.१९ होतो. उंच बैठकीचा दोष बराचसा भरून निघतो. अर्थात गाडी जड झाली, म्हणजे ती थांबवायला ब्रेकना जास्त ऊर्जा शोषावी लागते, हे विसरून चालणार नाही. काही नव्या गाड्यांत चाक घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही असते. ती घसरणे आवरते. पण टपावरचे ओझे खाली आणून ठेवण्याचे काम ती करू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

म्हणून निघताना जड वस्तू आत, खाली आणि मधल्या आसनांच्या पायाशी ठेवाव्यात. टपावर फक्त हलक्या वस्तू, आणि त्याही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा किती हवी, याची चिठ्ठी बहुधा चालकाच्या दाराजवळ चिकटवलेली असते; ती वाचावी. आणि शेवटच्या ओळीतल्या लहानग्यांसकट सर्वांनी पट्टे बांधावेत. गाडी उलटली, तर माणसाला आसनात धरून ठेवणारी वस्तू तीच एक असते.

करून पाहा

एका फळीवर आडवी बारीक काडी चिकटवा. काड्यांनी भरलेली काडेपेटी त्या काडीला टेकवून उभी ठेवा. काडीच्या विरुद्ध बाजूचे फळीचे टोक हळूहळू उचला. पेटी कलंडते त्या क्षणी टोकाची उंची पट्टीने मोजा. मग पेटी आडवी ठेवून तसेच करा. आता पुन्हा उभी ठेवा. पण एकदा वरच्या टोकाला आणि एकदा खालच्या टोकाला रुपयाचे नाणे कणकेने चिकटवा. चारही उंची वहीत लिहा आणि आपल्या गाडीच्या उदाहरणाशी ताडून पाहा.

सोडवा

१. एका भरलेल्या गाडीचे एकूण वजन १,५०० किलो आहे. टपावर १.८ मीटर उंचीवर असलेले ५० किलोचे ओझे खाली ०.६ मीटर उंचीवर ठेवले. गुरुत्वमध्य किती खाली येईल?

२. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी ३६ ऐवजी ७२ किलोमीटर केला, तर बाजूची ओढ किती पट होईल? असे वळण कोरड्या डांबरावर घेता येईल का?

उत्तरे : १. ४ सेंटिमीटर. २. चौपट, प्रमाण १.३३ येते आणि टायरची पकड त्याहून बरीच कमी असते, म्हणून घेता येणार नाही.