नमुना-कापड : टाक्यांची वही (भाग 2)

मागील अंकात सुई, दोरा आणि रिंग यांविषयी लिहिले होते. भिवंडी तालुक्यातील आमच्या शिवणवर्गाचे नमुना-कापड आता कुठवर आले ते या वेळी सांगते. आपल्या पाड्यावर असा वर्ग घेणाऱ्या भगिनींना त्याचा उपयोग होईल.

बाजारातली मॅटी न घेता आम्ही भिवंडीच्या मागावरचे कोरे सुती कापड घेतले. ते स्वस्त पडते आणि जवळ मिळते. मात्र मागावर ताण्याला खळ दिलेली असते. ती तशीच राहिली तर सुई अडते, आणि भरतकामानंतर कापड धुतले की ते आटून टाके चुणतात. म्हणून कापड रात्रभर भिजत घालावे, सकाळी गरम पाण्याने साबण लावून धुवावे, इस्त्री करावी आणि मगच पेन्सिलीने रेघा आखाव्यात.

धावदोरा, टीप आणि साखळी या तीन ओळी लवकर झाल्या. सहा पदरी लडीतले दोनच पदर घेतले. साखळी घालताना दोरा फार ओढू नये. कडी आवळली की ती टिपेसारखी दिसू लागते.

चौथ्या ओळीला, फुलीच्या टाक्याला, वर्ग अडला. मॅटीवर चौकडी आयती दिसते. आमच्या कापडावर धागे मोजावे लागतात. उभे पाच आणि आडवे पाच धागे घेतले तरी फुली उभट येई. वर्गातल्या एकीचे यजमान लूमवर कामाला आहेत. ती लगेच म्हणाली, "ताई, ताणा दाट असतो, बाणा विरळ." टाचणीने एक इंचातले धागे मोजले : उभे 60, आडवे 50. तेव्हा 6 उभे आणि 5 आडवे धागे धरले, फुली चौरस आली. प्रत्येक कापडाचा हिशेब वेगळा, म्हणून आपले आपण मोजून घ्यावे. वरचा तिरका टाका सर्व फुल्यांत एकाच दिशेला हवा.

हे कापड करायचे खरे कारण निराळे आहे. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्ग मध्येच तुटतो. वाचता न येणाऱ्या बाईला कागदावर लिहून दिलेला धडा काय कामाचा? म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टाका अर्धाच घालून दोरा मोकळा सोडतो. सुई कुठून वर आली आणि पुढे कुठे जायची, हे त्यावरून बोटाने कळते.

मागची बाजूही वाचता आली पाहिजे. धारवाडकडच्या कसुतीत गाठ मारत नाहीत, आणि गवंतीच्या टाक्यात कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. आम्हीही गाठ सोडून दिली. दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखाली दडवतो. मग साखळीच्या मागे टिपेसारखी ओळ दिसते आणि टिपेच्या मागे दांडी टाक्यासारखी. बायकांना हे ओळखायला फार आवडते.

पाचव्या ओळीत वारली माणसे घेतली : टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण भरीव टाक्याने, हातपाय टिपेने, डोके छोट्या गाठी टाक्याने. उशीच्या अभ्र्यावर पालघट देवीचा चौक काढावा असे एका मुलीने सुचवले. वर्गातल्या वयस्कर आजी म्हणाल्या, "तो लग्नाच्या भिंतीवरचा. त्याच्यावर डोकं टेकायचं? तारपा काढा, झाडं काढा." ते सर्वांना पटले. गिऱ्हाईक चौक मागेल तेव्हाही हेच उत्तर द्यावे असे मला वाटते.

दोघीजणी या हंगामात कापड भट्टीवर घेऊन गेल्या आहेत. फुलीचे मोजकाम दिवसाउजेडीच करा, संध्याकाळी साखळी घाला, एवढेच त्यांना सांगितले. एकीने दिराकडून निरोप पाठवला आहे की लाल दोरा संपला; लडी या आठवड्यात जाईल. काज टाक्याची सहावी ओळ पुढील अंकात.