पाचव्या सेकंदाला ठप्प होणारा कॅमेरा

गॅदरिंगला ऑडिटोरियममध्ये जागा पुरत नाही, म्हणून तिथला आयपी कॅमेरा हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये दाखवायचं ठरलं. कॅमेरा एका वेळी मोजकीच कनेक्शन्स देतो. मग आम्ही मध्ये प्रॉक्सी लिहिला: कॅमेऱ्याकडून स्ट्रीम एकदाच घ्यायची आणि मागेल त्याला वाटायची, मेसमधल्या वाढप्यासारखी. स्ट्रीम घेण्याचं काम लाइव्ह५५५ लायब्ररीकडे, वाटण्याचं आमच्याकडे. चालू केल्यावर चित्र एकदम झकास आणि पाचेक सेकंदांनी ठप्प! गॅदरिंग दुसऱ्या दिवशी.

अशा वेळी पहिला आळ नेटवर्कवर. आम्हीही केबल बदलली, स्विच बदलला, दोन तास घालवले. पण मित्रांनो, नेटवर्क बिचारं असं घड्याळ लावून बिघडत नाही. दर वेळी ठराविक सेकंदाला गाडी अडते म्हटल्यावर संशय टाइमिंगवरच घ्यायला हवा होता.

आता थोडी थिअरी. आरटीपीच्या प्रत्येक पॅकेटवर टाइमस्टॅम्प असतो. व्हिडिओसाठी तो सेकंदाला ९०,००० ने वाढतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर दर फ्रेमला ३,६००. सुरुवातीचा आकडा मात्र रँडम! त्यामुळे दोन फ्रेममधलं अंतर कळतं, प्रत्यक्षात किती वाजले ते कळत नाही. ते सांगतो आरटीसीपीचा सेंडर रिपोर्ट: 'अमुक टाइमस्टॅम्प म्हणजे माझ्या घड्याळात अमुक वेळ.' तो साधारण पाच सेकंदांनी येतो. तोवर लायब्ररी आपल्या पीसीचं घड्याळ धरून अंदाज बांधते. रिपोर्ट आला की अंदाज सोडून कॅमेऱ्याचं ऐकते.

आणि आमचा कॅमेरा दुपारी लाइट गेल्यावर १ जानेवारी १९७० ला जाऊन बसला होता! वायरशार्कमध्ये रिपोर्ट उघडला तेव्हा दिसलं. म्हणजे पाचव्या सेकंदाला फ्रेमची वेळ पन्नासहून अधिक वर्षं मागे. आमचा प्रॉक्सी त्याच वेळेवरून पुढचा टाइमस्टॅम्प काढत होता. ३२ बिटांत बसवताना आकड्याने भलतीकडेच उडी मारली आणि टीव्हीवरचा प्लेअर ती वेळ यायची वाट बघत बसला. पॅकेट्स येतच होती, म्हणून पिंग ओके.

कॅमेऱ्याला एनटीपी सर्व्हर दिला, पण तेवढ्यावर विसंबू नका, लाइट पुन्हा जाणारच. खरा उपाय कोडमध्ये. पहिला रिपोर्ट आला की पीसीची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यांतला फरक एकदाच काढायचा आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमला मिळवायचा. आवाजालाही तोच फरक, नाहीतर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. लाइव्ह५५५ चा स्वतःचा प्रॉक्सी हेच करतो. त्याचा सोर्स आम्ही वाचला तो पहाटे. आधी वाचला असता तर झोप मिळाली असती.

चित्र एकदम न अडता दिवसभरात हळूहळू मागे पडत असेल तर केस वेगळी. दोन घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी दिवसाला ४.३ सेकंद होतात. गॅदरिंगपुरतं ते आम्ही सोडून दिलं.

हाच कोड गेटवरच्या कॅमेऱ्याला लावणार असाल तर एक टेस्ट जरूर करा. ३२ बिटांचा टाइमस्टॅम्प १३ तास १५ मिनिटांत एक फेरा पूर्ण करून शून्यावर येतो, आणि सुरुवात रँडम असल्याने पहिल्यांदा त्याआधी कधीही.