झेल गेला, तरी धाव मिळते?

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या बेसबॉल संघात आहे. ती तिसऱ्या बेसवर असताना उंच उडालेला चेंडू झेलला गेला. प्रशिक्षक ‘पळ’ म्हणून ओरडले. पण झेलानंतर धाव कशी मोजणार, म्हणून ती थांबली. चूक कोणाची?
– एक पालक, खारदांडा

उत्तर : तुमच्या मुलीने क्रिकेटचा नियम लावला, आणि तिच्या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मृत होतो. बेसबॉलमध्ये मात्र फक्त बॅटर बाद होतो आणि खेळ चालूच राहतो. म्हणून प्रशिक्षकांचे बरोबर होते. अट एवढीच, की चेंडूला क्षेत्ररक्षकाचा पहिला स्पर्श होईपर्यंत धावपटूने बेस धरून ठेवावा. त्यानंतर होम प्लेटकडे धावता येते. ती आधीच निघाली असेल, तर परतून बेसला पाय लावावा लागतो. ती परतण्यापूर्वी चेंडू त्या बेसवर पोहोचला, तर तीही बाद. बॅटर बाद होऊनही धाव देणे अन्यायाचे, असे कोणी म्हणेल. पण दूरवर मारलेल्या फटक्यामुळेच ती धाव शक्य होते; म्हणून तिचे श्रेय बॅटरच्याच नावावर लागते. मात्र तो झेल डावातला तिसरा बळी असेल, तर डाव संपतो आणि धाव मिळत नाही. सरावात प्रशिक्षकांना दोन बाद असतानाचा आणि त्याआधीचा, असे दोन्ही प्रसंग वेगवेगळे करून घ्यायला सांगा. मुलगी सॉफ्टबॉलही खेळत असेल, तर एक सावधगिरी : तिथे पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी बेस सोडता येत नाही. काळजी नको, चार-सहा सरावांत हे अंगवळणी पडते.