रस्त्याचे पैसे भरले, रस्ता झाला नाही : परतावा मिळेल का?

प्रश्न : आमची वसाहत गुंठेवारीतली, साठ-सत्तर घरांची. मी 2004 साली साध्या स्टॅम्पवर दोन गुंठे घेऊन घर बांधले. कायद्यातल्या नव्या मुदतवाढीनंतर 2022 मध्ये महापालिकेत प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून प्लॉट नियमित करून घेतला. पावती आणि प्रमाणपत्र जवळ आहे. रस्ता मात्र आजही मातीचाच. गेल्या पावसाळ्यात रुग्णवाहिका कोपऱ्यावरच थांबली आणि शेजारच्या आजींना चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून तिथपर्यंत नेले. आता सगळे मिळून विकास शुल्क व्याजासकट परत मागायचे म्हणतो आहोत. मिळेल का?
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : संताप रास्त आहे. पण खोटी आशा दाखवणार नाही. तुमच्या परिस्थितीत पूर्ण परतावा मिळण्याची शक्यता कमी आहे, रस्ता मिळवण्याची बाजू मात्र भक्कम आहे. म्हणून वसाहतीने आपली ताकद रस्त्यासाठी लावावी.

परतावा अवघड का, ते आधी पाहू. भरलेली रक्कम परत मिळते ती मुख्यतः आकारणीच बेकायदा असेल किंवा जास्तीची असेल तेव्हा. तुमच्याकडून घेतलेले शुल्क कायद्याने घेतलेले आहे, आणि काम रखडले एवढ्याने ते बेकायदा ठरत नाही. शुल्काच्या बदल्यात सेवा हवी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ निकालापासून मांडले आहे. पण पुढच्या निकालांनी ते सैल केले. प्रत्येकाने भरलेल्या रुपयाला तेवढ्याच रुपयाची सेवा मिळाली पाहिजे असे नाही, ढोबळ संबंध असला तरी पुरे, असे न्यायालये आता मानतात.

त्याहून मोठी अडचण तुमच्या कपाटात आहे. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र त्याच शुल्कावर उभे आहे. घर विकताना, कर्ज काढताना, मुलांच्या नावावर करताना तोच कागद लागणार. पैसे परत मागणे म्हणजे त्या कागदाखालची वीट आपल्याच हाताने काढणे.

पडून राहिलेले शुल्क परत करायला लावणारा कायदा इतरत्र आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नव्या बांधकामावर रस्ते वगैरेंसाठी शुल्क घेतले आणि ते पडून राहिले, तर दर पाच वर्षांनी स्थानिक संस्थेला ते कशासाठी राखले आहे याचा लेखी खुलासा करावा लागतो. खुलासा नसेल तर शिल्लक रक्कम मालमत्तेच्या त्या वेळच्या मालकाला परत करावी लागते. आपल्या गुंठेवारी कायद्यात अशी मुदत नाही. ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमदारांकडे जाल तेव्हा हीच मागणी लेखी द्या.

आता तुमची जमेची बाजू. 2001 च्या या कायद्याचे नाव नीट वाचा : ‘महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम’. नुसता शिक्का मारून देणे हा त्याचा हेतू नव्हता, श्रेणीवाढ नावातच आहे. विकास शुल्काची कल्पनाही वस्तीतले रस्ते, गटारे, पाणी, दिवे यांच्याशीच बांधलेली आहे. शिवाय सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सांभाळणे हे महापालिका अधिनियमाच्या कलम 63 खाली महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ‘निधी नाही’ हे उत्तर मिळेलच, तेव्हा 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल पुढे करा. उघड्या गटारांनी बेजार झालेल्या वस्तीची ती तक्रार होती, आणि पैसे नाहीत म्हणून पालिकेला मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले. चांगला रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानेही खड्ड्यांच्या प्रकरणात म्हटले आहे.

सुरुवात माहिती अधिकाराने करा. ‘आमचा रस्ता कधी होणार?’ असे मात्र विचारू नका. अशा प्रश्नाला ‘ही माहिती अभिलेखात नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि महिना वाया जातो. कागद मागा : आमच्या सर्व्हे नंबरमधून गुंठेवारीपोटी आजवर जमा झालेली रक्कम, ती कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे त्या खात्याचा उतारा, त्यातून झालेला खर्च, आमच्या अंतर्गत रस्त्यांची अंदाजपत्रके, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. मोजमाप पुस्तिका विसरू नका. रस्ता कागदावर झालेला असेल तर तो तिथेच सापडतो. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. उत्तर नाही आले किंवा अर्धवट आले तर 30 दिवसांत पहिले अपील.

कागद हाती आले की आयुक्तांना सर्वांच्या सह्यांचे निवेदन द्या, आवक शिक्क्यासह पोच घ्या. ठरावीक मुदतीत रस्ता करा एवढीच मागणी ठेवा. दाद लागली नाही तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करा आणि कालबद्ध कार्यक्रमाचा आदेश मागा. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे, मुंबईच्या खेपा वाचतील. केवळ पैसे परत मागण्यासाठी केलेली रिट सहसा ऐकली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सुगनमल निकालापासून चालत आलेले आहे. सांडपाणी रस्त्यावर साचत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. रतलामच्या रहिवाशांनी जुन्या संहितेतल्या अशाच कलमाचा आधार घेतला होता.

परताव्याची एक शक्यता मात्र तपासाच. मागणीपत्र काढून त्यातले क्षेत्र आणि दर बघा. दोन गुंठे म्हणजे सुमारे 202 चौरस मीटर. टंकताना 220 पडले असेल, निवासी प्लॉटला व्यापारी दर लागला असेल किंवा एकाच प्लॉटचे चलन भावाभावांनी दोनदा भरले असेल, तर जादा रक्कम मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लेखी अर्ज लगेच द्या. दिवाणी दाव्याची वेळ आली तर महापालिका अधिनियमाचे कलम 487 लक्षात ठेवा : महापालिकेला आधी एक महिन्याची नोटीस, आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा. तुमचे वकील ‘दावा लावू’ म्हणाले तर पहिला प्रश्न मुदतीचा विचारा.

प्रश्न : रस्ता होईपर्यंत आम्ही घरपट्टी भरायची थांबवली तर?

उत्तर : थांबवू नका. घरपट्टी हा कर आहे, विशिष्ट सेवेचा मोबदला नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते आणि पुढे जप्तीची कारवाई होऊ शकते. न्यायालयात थकबाकीदार म्हणून उभे राहिलात तर चांगली बाजूही लंगडी पडते.

प्रश्न : आमच्यातल्या दोघांनी प्लॉट विकले. उद्या काही रक्कम परत आलीच तर ती कोणाची?

उत्तर : जादा भरलेली रक्कम ज्याने भरली त्याची, असे तो पावतीच्या जोरावर म्हणू शकतो. पण खरेदीदारही हक्क सांगेल, आणि कार्यालय दोघांनाही तंगवत ठेवेल. यापुढे विक्री होईल तेव्हा खरेदीखतात एक वाक्य घालून घ्या : विकास शुल्काचा परतावा मिळाल्यास तो अमुकाचा. झालेल्या दोन व्यवहारांत मूळ पावत्या कोणाकडे आहेत ते आजच विचारा आणि त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. पावतीच्या कागदावरची शाई काही वर्षांत उडते.