हरपलेली वाचा आणि घरची शाळा



घरचा कर्ता पुरुष पहाटे बैल सोडावयास उठतो आणि उंबऱ्यापाशीच कोसळतो. त्याचे तोंड वाकडे होते, उजवा हात लुळा पडतो. काही दिवसांनी तो इस्पितळातून जिवंत घरी येतो खरा, परंतु त्याची वाचा गेलेली असते. पत्नी विचारते, "अहो, काय हवं?" त्यास पाणी हवे असते, पण मोठ्या कष्टाने तोंडून शब्द निघतो तो "बैल". शेजारी कुजबुजतात, "ह्याची बुद्धी गेली." ते त्याच्या कानी पडते, आणि तो भिंतीकडे तोंड फिरवितो. अशा घरी जोडीदाराने काय करावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

बुद्धी गेली काय?

मेंदूस रक्त पुरविणारी शीर गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे पक्षाघात होतो. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यत्वे डाव्या भागात चालते, आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवितो. म्हणूनच उजवे अंग लुळे पडले असता पुष्कळदा वाचाही जाते. पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली अशा एका रोग्याची हकीगत प्रसिद्ध केली. तो रोगी कित्येक वर्षे "टॅन" एवढेच बोले, परंतु दुसऱ्याचे बोलणे त्यास बरेच समजत असे. मरणोत्तर तपासणीत त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला.

या विकारास वाचाघात म्हणतात. कोणास समजते पण शब्द सापडत नाही. कोणी भराभर बोलतो पण त्यातून अर्थ निघत नाही, व इतरांचे बोलणेही त्यास नीट कळत नाही. लिहिणे व वाचणेही बहुधा अडते. परंतु भाषा अडली म्हणजे माणूस वेडा झाला असे नव्हे. आपली माणसे, आपले शेत, आपला मान हे सर्व तो ओळखून असतो.

आधी इस्पितळ

तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी एकही चिन्ह एकाएकी दिसताच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. देवऋषीकडे जाण्यात अथवा कबुतराचे रक्त चोळण्यात घटका दवडू नये. कारण गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रोगी घरी आल्यावर पाणी पिताना ठसका लागत असल्यास तेही वैद्यास कळवावे, आणि वाचोपचार करणारा तज्ज्ञ कोठे भेटेल हे त्यासच विचारावे. तज्ज्ञाचा अभ्यास घरी चालवावयाचा असतो, आणि तो जोडीदारानेच चालवावा लागतो.

एका गावची गोष्ट

पॅट्रिशिया नील ही चित्रपटांत काम करणारी विख्यात अमेरिकन नटी होती. १९६५ साली, एकोणचाळीस वर्षांची व गरोदर असता, तिच्या मेंदूतील शीर फुटली. ती वाचली, पण उजवे अंग व वाचा गेली. तिचा पती रोआल्ड डाल हा लेखक. तो तीस इंग्लंडातील ग्रेट मिसेनडेन या आपल्या गावी घेऊन आला. एकट्याने हे काम होणार नाही हे ओळखून त्याने शेजाऱ्यांच्या पाळ्या लाविल्या. ते येत, तिच्याशी बोलत, वाचून घेत, खेळ खेळत. व्हॅलरी ईटन ग्रिफिथ ही शेजारीण तर वाचोपचार शिकलेलीही नव्हती. तरी तिने हे काम चिकाटीने चालविले, आणि १९७० साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. नील १९६८ साली पुन्हा चित्रपटात दिसली. मात्र डालच्या शिस्तीत कठोरपणा होता, आणि त्याबद्दल त्यास पुढे दोषही देण्यात आला. त्याची चिकाटी घ्यावी, कठोरपणा सोडावा.

घरच्या शाळेचे नियम

पहिला: समोर बसून, सावकाश व लहान वाक्यांत बोलावे. ओरडू नये, तो बहिरा नाही.

दुसरा: एका वेळी एकच प्रश्न विचारावा. "चहा की दूध?" असे म्हणताना दोन्ही भांडी दाखवावी. बोट दाखविणे, मान हलविणे, चित्र काढणे हेही बोलणेच समजावे.

तिसरा: थांबावे. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजावे. तरीही शब्द न आला तर पहिले अक्षर द्यावे, "भा...", किंवा वाक्य अर्धे सोडावे, "तव्यावर भाजते ती..."

चौथा: अर्थ कळला असता चूक काढीत बसू नये. तो "बैल" म्हणून तांब्याकडे पाहील, तर "पाणी हवं, हे घ्या पाणी" असे सहज म्हणावे. प्रौढ माणसास बालवर्गात बसवू नये.

पाचवा: अभ्यास थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा व्हावा. थकवा दिसताच थांबावे.

सहावा: गाणे विसरू नये. ज्यास "पाणी" म्हणता येत नाही तो कधी कधी पाठ असलेले गीत शब्दांसह म्हणतो, वार व अंक ओळीने मोजतो. १९७३ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील वैद्यांनी सुरांवर बोलणे शिकविण्याची पद्धत मांडली. म्हणून लहानपणापासूनची गीते त्याच्यासह गावी, आणि "पाणी द्या" हे शब्दही चालीवर, हाताने ताल देऊन म्हणावे.

सर्वांत कठीण गोष्ट

या सर्वांत थांबणे हेच कठीण. वैद्य त्यास विचारतो, उत्तर पत्नी देते. सोयरा त्यास हाक मारतो, बोलते पत्नी. तिचे करणे मायेपोटीच असते. परंतु त्या मायेने ती त्याच्या तोंडावर हात ठेविते. बाईंनो, तुमचा धनी एक शब्द बोलण्यास घटकाभर घेईल, तर ती घटका त्यास द्या. पतींनीही आपल्या पत्नीविषयी हेच समजावे.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते. पण पुढे वर्षानंतरही होत राहते. काहींची वाचा पूर्ण परतत नाही, हे खरे. तथापि ज्याचे ऐकून घेतले जाते तो घरात परका राहत नाही. आणि सेवा करणाऱ्याचाही जीव थकतो. म्हणून गावातील मंडळीने आठवड्याच्या पाळ्या वाटून घ्याव्या, व पाळी असेल त्याने घटकाभर जाऊन रोग्यापाशी बसावे. पिकाची, पावसाची चार वाक्ये बोलावी, आणि उत्तराची वाट पाहावी.

विचारासाठी प्रश्न

१. वाचा जाणे व बुद्धी जाणे यांत भेद काय?
२. रोग्याऐवजी आपणच उत्तर दिल्याने त्याची कोणती हानी होते?
३. आपल्या गावी असे घर आहे काय? या आठवड्यात तेथे कोण जाईल?