मुंबई ते लंडन : अंतराचे व वेळेचे गणित

घरचा मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी विलायतेस निघाली, म्हणजे विमान सुटल्या क्षणापासून मागे राहिलेल्या मंडळींची दृष्टी घड्याळावर खिळते. “आता पोहोचले असेल का?” हा एकच प्रश्न सर्वांच्या मुखी असतो. त्याचे उत्तर केवळ अंदाजाने न देता भूगोल व अंकगणित ह्यांच्या साहाय्याने कसे द्यावे, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरील नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती तुर्कस्तानच्या दक्षिण बाजूने जाते. परंतु पृथ्वी वाटोळी आहे. म्हणून नकाशावरील सरळ रेघ हा जवळचा मार्ग नव्हे. शाळेतील पृथ्वीच्या गोलावर ह्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो इराणवरून कॉकेशस पर्वताकडे चढतो आणि युक्रेन, पोलंड व जर्मनी ह्यांवरून लंडनास पोहोचतो. तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून मोजला असता सुमारे ६५ अंश भरतो. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा अंतर स्थूलमानाने ७,२०० किलोमीटर झाले.

मात्र विमानास दोऱ्याची वाट नेहमीच मिळते असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकताच तेथील आकाश प्रवासी विमानांस बंद झाले व त्यांस वळसा घेणे प्राप्त झाले. पूर्वी तर वाटेत उतरावेही लागे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले होते.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर वारा नसताना ८ तास लागतील. परंतु त्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर समजा. जाताना वारा समोरून येईल, वेग ८०० राहील व ९ तास लागतील. परतताना वेग १,००० होईल व ७ तास १२ मिनिटे पुरतील. विद्यार्थिमित्रांनो, येथे एक मौज पाहा. जाताना वाऱ्याने जे हिरावून घेतले, ते परतताना तो पुरते फेडीत नाही. दोन्ही फेऱ्या मिळून १६ तासांऐवजी १६ तास १२ मिनिटे होतात. कारण प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ असतो! ह्याखेरीज चढणे, उतरणे व वळसा ह्यांस वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्षात जाताना ९ ते १० तास धरावे.

शेवटी घड्याळ. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. आपली प्रमाणवेळ ८२½ पूर्व रेखांशाची व लंडनची शून्य रेखांशाची. ८२½ ला ४ ने गुणिले म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान १० तासांनी पोहोचले, तर आपल्याकडे मध्यरात्र असेल. पण लंडनच्या घड्याळात सायंकाळचे साडेसहाच वाजलेले असतील. जो हा फरक विसरेल, तो प्रवास साडेचार तासांचाच झाला असे म्हणेल. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करितात. तेव्हा फरक साडेचार तासांचाच राहतो.

पालकांसही आमचे एवढेच सांगणे आहे की, निघण्याच्या वेळेत प्रवासाचे तास मिळवावे, तपासणी व सामान ह्यांसाठी आणखी दीड-दोन तास सोडावे आणि तोवर मन स्वस्थ ठेवावे. हा हिशेब घरातील विद्यार्थ्यानेच आजीस मांडून दाखविला, तर त्याची विद्या सार्थकी लागली असे आम्ही समजू.